चारुता शेळके, पूर्वीच्या रुपाली खराडे

माझ्या सुनेच्या डाव्या दंडावर बावीस टाके आहेत, उजव्या मांडीवर नऊ, आणि हनुवटीखाली जी पांढरी रेघ दिसते ती एका एवढ्याशा कुत्रीची. मोठ्या कुत्र्यांना दंड आणि मांडी मिळाली, तोंडापर्यंत पोचली ती ही टीचभर. टाके मी स्वतः मोजलेत. जखमा बघण्यातच माझी एकतीस वर्षं गेली. सांगली जिल्ह्यात गुरांच्या सरकारी दवाखान्यात मी नोकरीला होतो आणि कागदावर माझ्या जागेचं नाव होतं व्रणोपचारक. गावात हा शब्द एकालाही धड बोलता यायचा नाही. काम म्हणाल तर जखम धुवायची, किडे काढायचे, पट्टी बांधायची, आणि डॉक्टर सुई टोचत असताना बैलाचं डोकं धरून उभं राहायचं. एका खिलार बैलानं डोकं असं झटकलं की त्याचं शिंग माझी काख आणि बरगडी यांच्या मधून शर्टासकट पलीकडे निघालं. मी शिंगावर लटकलेलो, आणि डॉक्टर म्हणतात, "शेळके, हलू नका, सुई आत आहे."

असो. गोष्ट माझी नाही, सुनेची आहे.

चारुता म्हणजे माझ्या थोरल्याची, श्रीरंगची बायको. आमची मंडळी गेल्यापासून मी यांच्याकडेच असतो, अमेरिकेत श्रूजबरीला. श्रीरंग दिवसभर कॉम्प्युटरसमोर मीटिंगा करतो. चारुता दिवसभर चावऱ्या कुत्र्यांसमोर बसते. संध्याकाळी जास्त दमलेलं कोण असतं विचाराल तर श्रीरंग.

गावाबाहेर घोड्यांचा एक जुना तबेला घेऊन तिनं त्यात जाळीचे खण केलेत. तिथं येणारं प्रत्येक कुत्रं कोणाला तरी फाडून आलेलं असतं. कोणाचा ओठ, कोणाची पोटरी. एकानं तर आपल्याच मालकाची दोन बोटं मुळापासून नेली होती आणि नंतर ती ओकून टाकली होती. बाकी सगळ्या शिकवणाऱ्यांनी हात जोडले की लोक हिच्याकडे येतात. हिनंही हात जोडले तर मग सुईच, शेवटची.

तिची पद्धत अशी की पहिले तीन दिवस ती कुत्र्याकडे पाठ करून जाळीला टेकून बसते आणि शेंगा सोलते. कुत्रं मागून अंगावर येतं. जाळी तिच्या पाठीवर आदळते, लाळ मानेवर उडते, दात तारेवर वाजतात. ही शेंगा सोलते. चौथ्या दिवशी दंडाला जाड कापडाचं कवच बांधून आत जाते. त्या दिवशी मी पाणी, साबण आणि पट्ट्या घेऊन बाहेर उभा असतो. आणि ती त्यांच्याशी बोलते मराठीत. बस, खाली, ये, पुरे. एवढेच चार शब्द. मी एकदा विचारलं, "अगं, ही गोऱ्यांची कुत्री, यांना काय कळतंय?"

"इंग्रजीत त्यांना मार बसलाय, आप्पा," ती म्हणाली. "'सिट' म्हटलं की पट्टा, 'नो' म्हटलं की लाथ. मराठीत त्यांना अजून कोणी मारलेलं नाही."

मग त्या कुत्र्यांच्या घरच्यांनाही ते चार शब्द शिकायला लागतात. एक गृहस्थ 'पुरे' ऐवजी महिनाभर 'पुढे' म्हणत होते आणि कुत्रं बिचारं भिंतीपर्यंत चालत जात होतं.

आता नावाचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथून झालं आणि ते मी केलं.

ती आमच्याकडे आली तेव्हा तिचं नाव रुपाली होतं. रुपाली बाजीराव खराडे. शिरवळच्या कॉलेजातून जनावरांची डॉक्टर झालेली, पुण्याला पहारा करणाऱ्या कुत्र्यांच्या पथकात दोन वर्षं काम केलेली. मुलगी मला पसंत होती. नाव नव्हतं. कारण आमच्या गोठ्यात रुपाली आधीच होती. मुऱ्हा म्हैस, आठ लिटर दूध, आणि लाथ अशी की माझ्या दोन बरगड्या आणि माझ्या मेव्हण्याचे पुढचे तीन दात तिच्या नावावर होते. मेव्हणा धार काढायला बसला होता. लाथ बसली, बादली उडाली, आणि दुधात दात पडले. आमच्या मंडळींनी दूध गाळून घेतलं, दात त्याला परत दिले. तर रोज सकाळी गोठ्यातून "रुपाली, पाय काढ", "रुपाली, मरशील" असा ओरडा चालायचा. त्या घरात रुपाली नावाची सून कशी नांदणार? मी श्रीरंगला म्हटलं, नाव बदलायचं, चारुता ठेवायचं. आमच्याकडे लग्नात नवरदेव ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. श्रीरंगनं लिहिलं. तिला आधी कोणी विचारलं नव्हतं, तिनं ते तांदळातच वाचलं. तिनं ताटाकडे बघितलं, मग श्रीरंगकडे, मग माझ्याकडे. चावायच्या आधी कुत्रं तसं बघतं, हे मला पुढं तबेल्यात कळलं.

"म्हशीचं का नाही बदललं?" असं तिनं मला विचारलं, पण लग्नानंतर सहा वर्षांनी.

मी म्हटलं, "म्हशीनं ऐकलं नसतं."

पण पासपोर्ट रुपालीचा. तिनं अमेरिकेत येऊन कुत्र्यांच्या वर्तनाची इथली मोठी परीक्षा दिली ती रुपाली खराडे म्हणूनच. दुसरी दिली, चावऱ्या कुत्र्यांविषयीची, तीही त्याच नावानं. एका मासिकात लेख लिहिला, तोही. मग पुष्कळ वर्षांनी नागरिकत्व घेताना कोर्टानं विचारलं, नाव काय ठेवणार? घरात दारात सगळे चारुता म्हणत होते, तिनं चारुता शेळके लिहून दिलं. तबेल्याचा परवाना, विमा, वेबसाइट, दारावरची पाटी, सगळं चारुता शेळके. परीक्षांची प्रमाणपत्रं गेली शंकरपाळ्यांच्या जुन्या डब्यात. त्यांची कोणाला गरजच नव्हती. जनावरांचे डॉक्टर तोंडी सांगायचे, त्या इंडियन बाईकडे न्या, आणि लोक यायचे.

गेल्या एप्रिलात मूस आला, म्हणजे यायचा होता. मूस हे इथल्या एका अजस्र हरणाचं नाव, तेच वॉल्श नावाच्या प्लंबरनं आपल्या कुत्र्याला ठेवलेलं. काळा, रुंद छातीचा, बावन्न किलो. शेजारच्याच एका गावात ही माणसं राहतात. एका दुपारी मूस कुंपणावरून पलीकडे गेला आणि शेजारी पीटर म्हणून आहेत, त्यांचा म्हातारा बीगल त्यानं पाठीवर धरला आणि झटकला. आपण ओलं फडकं झटकतो तसा. पीटरनी सोडवायला हात घातला. मूसनं बीगल टाकला आणि हात घेतला. हाड मोडल्याचा आवाज वॉल्शबाईंनी स्वयंपाकघरात ऐकला, ओली फांदी मोडावी तसा. वॉल्शनी फावड्यानं मूसच्या डोक्यात सहा वेळा मारलं तेव्हा त्यानं सोडलं. पीटरचा हात दोन ठिकाणी मोडला होता, आणि बीगल त्यांच्या मांडीवर पाच मिनिटांत गेला.

मूसला गावाच्या कोंडवाड्यात टाकलं. अशा कुत्र्याचं काय करायचं ते गावाचं तीन माणसांचं मंडळ ठरवतं. दोन रस्ते होते. एक, सुई. दुसरा, जन्मभरासाठी गावाबाहेर, योग्यता असलेल्या माणसाच्या ताब्यात. वॉल्शबाई रडत चारुताकडे आल्या. चारुता कोंडवाड्यात जाऊन कुत्रा बघून आली आणि मला म्हणाली, "डोकं डावीकडे वाकडं धरतोय. कान आतून सडलाय त्याचा. वासच येतोय. असा ठणका असेल तर मीही चावेन."

"मग औषध घाल की."

"हात लावू देत नाहीत. म्हणतात, तुमचं अजून ठरलेलं नाही."

सुनावणीला मीही गेलो. अशा ठिकाणी मी जातोच, गावी ग्रामसभा चुकवायचो नाही. मधे अध्यक्षबाई, चष्मा डोक्यावर. एका बाजूला एक रिटायर पोलीस, दुसऱ्या बाजूला एक तरुण वकील. पीटर उठले. हाताला खांद्यापर्यंत प्लास्टर. त्यांनी चांगल्या हातात फोन धरला आणि म्हणाले, "या बाई कोण आहेत ते मी एआयला विचारलं. त्यानं काय सांगितलं ते वाचतो." ही एआय मंडळी म्हणजे उत्तरं देणारी यंत्रं, तुम्हाला माहीत असतीलच, आता तर आमची सून भाजी किती दिवस टिकते तेही त्यांनाच विचारते.

श्रीरंग माझ्या कानात मराठी करत होता. यंत्राचं म्हणणं असं, की चारुता शेळके नावाच्या व्यक्तीकडे कुत्र्यांच्या प्रशिक्षणाचं पडताळता येईल असं एकही प्रमाणपत्र आढळलं नाही. व्यवसायाचे दोन वेगवेगळे फोन नंबर दिसतात, तेव्हा सावध राहावं. मात्र याच भागात रुपाली खराडे नावाच्या अत्यंत अनुभवी, प्रमाणित तज्ज्ञ आहेत, त्यांच्याशी संपर्क साधावा.

अध्यक्षबाईंनी वॉल्शना विचारलं, "मग या खराडेबाईंना का नाही बोलावलं?"

"बोलावलंय," चारुता म्हणाली. "मीच ती."

सगळे वळून बघायला लागले. तिनं शंकरपाळ्यांचा डबा उघडून प्रमाणपत्रं पुढं ठेवली, नागरिकत्वाचा कागद ठेवला. वकिलानं दोन्ही नावं बोट ठेवून वाचली.

"आडनाव बदललं हे समजलं. पहिलं नाव कसं बदललं?"

"लग्नात."

"लग्नात पहिलं नाव बदलतं? कोण बदलतं?"

चारुतानं माझ्याकडे बोट केलं. मी उभा राहून नमस्कार केला. रिटायर पोलिसानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. आयुष्यभर त्यानं माणसं अशीच बघितली असणार.

"का?" वकिलानं मला विचारलं.

मी म्हशीचं सांगायला लागलो. लाथेपर्यंत आलो होतो. चारुता मराठीत म्हणाली, "आप्पा, तुम्ही साक्ष देताय की गोष्ट सांगताय? बसा."

अध्यक्षबाई वाईट नव्हत्या. त्यांनी कागद नीट पाहिले आणि म्हणाल्या, "मी तुमच्यावर विश्वास ठेवते. पण उद्या या कुत्र्यानं एखाद्या पोराचा गळा फाडला तर लोक मला विचारतील, तुम्ही कोणाच्या ताब्यात दिला? तेव्हा डब्यातले कागद दाखवून चालणार नाही. ज्यांनी परीक्षा घेतली त्यांच्या यादीत तुमचं आजचं नाव सगळ्या जगाला दिसलं पाहिजे. सात दिवस देते. नाही जमलं तर आठव्या दिवशी सकाळी कुत्र्याला मारलं जाईल."

पीटर म्हणाले, "माझ्या बीगलला कोणी सात दिवस दिले नव्हते." खरंच होतं ते. मला त्यांच्याकडे बघवेना.

घरी निधीला बोलावलं. नागपूरची पोरगी, तिशी ओलांडलेली, वूस्टरला लोकांच्या वेबसाइटी करते. तिनं चारुताचं पान उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"ताई, हे काय लिहिलंय यार? 'वीस वर्षांचा अनुभव, प्रेमळ वागणूक'. हे तर कोणीही लिहितं. माझा न्हावीपण लिहितो."

"मग काय लिहू?"

"प्रमाणपत्राचं नाव, वर्ष, नंबर, कोणी दिलं, आणि देणाऱ्याच्या यादीची लिंक. आणि हा दुसरा फोन कोणाचा?"

"माझा जुना," श्रीरंग म्हणाला. "दोन हजार सतराचा."

"तो चार ठिकाणी फिरतोय, दादा. यंत्राला वाटतं दोन दुकानं आहेत, त्यातलं एक भुताचं."

मी विचारलं, "पण हिनं स्वतः सांगितलं की मी तीच, तर त्याला पटत का नाही?"

"आप्पा, ते स्वतःच्या तोंडून सांगितलेलं फारसं धरत नाही. तुम्ही सांगता, ते दुसरीकडे जाऊन बघतं. परीक्षेच्या यादीत, परवान्यात, विम्यात. सगळीकडे तेच नाव, तोच पत्ता, तोच नंबर दिसला की मानतं. एकात जरी फरक पडला की म्हणतं, सावध राहा."

हे मला एकदम समजलं. सोयरीक जुळवताना आम्ही हेच करायचो. मुलाच्या घरी विचारून काय कळणार, तिथं सगळे चहाच देतात. त्याच्या मामाच्या गावात विचारायचं, तो शिकला त्या शाळेत विचारायचं, आणि तिन्हीकडे एकच उत्तर आलं तर पुढं जायचं. एकदा एका मुलाबद्दल दोन गावांत दोन उत्तरं आली. तिसऱ्या गावात गेलो तर त्याची पहिली बायको विळा घेऊन माझ्या मागं लागली. मी तिला म्हणत होतो, बाई, मी नवरदेव नाही, तरी पायरीपर्यंत आली आणि तो विळा माझ्या सायकलच्या सीटमध्ये रुतला. निधी म्हणाली, "आप्पा, नंतर."

निधीनं विचारलं, "वर मोठ्या अक्षरात कुठलं नाव टाकू?" आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

"त्यांना काय विचारतेस," चारुता म्हणाली. "या वेळी मला विचार." मग म्हणाली, "परवाना चारुताचा आहे. आता परत बदललं तर सहा महिने त्यात जातील आणि तोवर मूस मेलेला असेल. लिही, चारुता शेळके, पूर्वीच्या रुपाली खराडे. सगळीकडे असंच, एक अक्षर इकडेतिकडे नको."

निधीनं दोन दिवसांत सगळं पान बदललं, यंत्राला वाचता येतील अशा चिठ्ठ्या त्याच्या पोटात ठेवल्या, भुताचा फोन चार ठिकाणांहून काढला. एकच अडलं. परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं कळवलं, नागरिकत्वाचा कागद मिळाला, यादीत नाव जोडू, पण पंधरा दिवस लागतील. आणि हातात उरले होते पाच.

चारुता रोज कोंडवाड्यात जाऊन मूसकडे पाठ करून बसायची, तेवढी परवानगी होती. पाचव्या दिवशी मीही गेलो. तो जाळीवर येत होता तेव्हा सगळी भिंत हलत होती. डोक्यावर फावड्याचे घाव, वाळलेले. तासाभरानं तो थकून आडवा झाला आणि डोकं जाळीला टेकलं. चारुता निधीचा फोन घ्यायला बाहेर गेली.

आता मी जे केलं ते सांगतो. कान माझ्यापासून हातभर होता. त्यातून पू गालावर ओघळून केस चिकटले होते. ताटली सरकवायला जाळीत खालच्या अंगाला फट होती. मी रुमाल भिजवला आणि हात आत घातला. पहिल्यांदा पुसलं, तो गप्प. दुसऱ्यांदा पुसलं, त्यानं डोळे मिटले. तिसऱ्यांदा खपली ओढली.

गुरगुरला नाही, काही नाही. हात नव्हताच एकदम. त्याच्या तोंडात होता, मनगटापर्यंत. आवाज आला तो माझ्याच करंगळीचा. मग तो झटकायला लागला. माझा खांदा जाळीवर, तोंड जाळीवर, चष्मा फुटून भुवईत घुसला, डोळ्यात रक्त. मी एकतीस वर्षांत जनावरांचे शेकडो मार खाल्ले पण असा जोर मी पाहिला नाही. मी ओढत होतो आणि कातडं सोलत येत होतं.

चारुता धावत आली. ओरडली नाही. माझ्या मागं गुडघ्यावर बसली आणि कानात म्हणाली, "आप्पा, ओढू नका. आत ढकला. घशाकडे."

"काय?"

"आत ढकला हात."

मी ढकलला. त्या गरम चिखलात, दातांच्या पलीकडे, जिभेवरून खाली. मूसला उबळ आली, जबडा उघडला, आणि तिनं माझं कोपर धरून हात बाहेर काढला. मग त्याच्याकडे बघून हळू म्हणाली, "पुरे." तो मागं सरला. तोंड माझ्या रक्तानं माखलेलं, आणि थरथरत होता.

नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं असतं. मी मोजत होतो. कोंडवाड्याचा अधिकारी पांढराफटक पडून कागद भरत होता. चारुतानं सगळं खरं सांगितलं, हात कोणी घातला, कुठून घातला. तो म्हणाला, आता याला दहा दिवस निगराणीखाली ठेवायला लागेल, पिसाळलेला आहे का बघायला, तोवर मारता येणार नाही. आमच्या गावीही दहाच दिवस ठेवायचे. मी नळाखाली हात धरूनच बोटं मोजली. पाच गेले होते, त्यात हे दहा. मला हसू आलं.

चारुताचे डोळे लाल झाले होते. "आप्पा, मुद्दाम केलंत?"

"व्रणोपचारकानं समोर जखम बघून हात खिशात ठेवायचा का?"

"मी विचारलं ते सांगा."

"नाही गं. कान बघितला आणि हात गेला."

तिनं ते मानलं की नाही, मला अजून माहीत नाही. करंगळी आता वाकत नाही, तळहातावर एकोणीस टाके पडले. एक मात्र झालं, निगराणीत सरकारी डॉक्टरनं भूल देऊन त्याचा कान साफ केला.

घरी वेगळीच भांडाभांडी. चारुतानं निधीला सांगितलं, पानावर एक नवा भाग कर, 'नोंदवलेले चावे'. या वर्षीचे सगळे, तारखेसकट.

"ताई, डोकं फिरलंय का?" निधी म्हणाली. "धंदा बसेल. आणि मंडळ बघेल ना."

"मंडळाकडे रिपोर्ट आहेच. तूच म्हणालीस, दोन ठिकाणी दोन गोष्टी दिसल्या की ते सावध राहा म्हणतं. मी लपवला आणि गावाच्या कागदात दिसला तर?"

"पण कोणीच स्वतःचं वाईट लिहीत नाही यार."

"म्हणून तर लिही."

श्रीरंग मला म्हणाला, "आप्पा, तुम्ही तरी समजवा तिला." मी म्हटलं, माझ्या सांगण्यानं तिचं एकदा पुरेसं झालंय.

चौदाव्या दिवशी दुपारी यादीत नाव आलं. पंधराव्या दिवशी सुनावणी. मी हात गळ्यात बांधून गेलो आणि जागा मिळाली ती नेमकी पीटरच्या शेजारी. त्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये, माझा उजवा पट्टीत. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मी त्यांच्या.

अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला, समोरच्या पडद्यावर सगळ्यांना दिसेल असं यंत्राला विचारलं, आणि आलेलं उत्तर मोठ्यानं वाचलं. चारुता शेळके, पूर्वीच्या रुपाली खराडे. दोन परीक्षा, त्यांचे नंबर, दोन्ही चालू, संस्थेच्या यादीत नोंद आहे. परवाना त्याच नावावर, पत्ता जुळतो, फोन जुळतो. मग त्या थांबल्या आणि पुढचं वाचलं. नोंदवलेले चावे या वर्षी चार. सर्वांत अलीकडचा कुटुंबातल्या एका वृद्ध व्यक्तीला, त्या व्यक्तीच्या स्वतःच्या चुकीनं.

तर यंत्रात माझी नोंद झाली ती अशी.

"हे तुम्हीच लिहिलंत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हो."

"आमच्या रिपोर्टशी तारीख आणि तपशील जुळतो." त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "का लिहिलंत?"

"खरं होतं म्हणून. आणि मूसनं पुन्हा कोणाला घेतलं तर तेही मी लिहीन."

पीटर उठले. मला वाटलं, आता हा माणूस मारा म्हणणार, आणि म्हणाला असता तरी मी त्याला नावं ठेवली नसती. ते म्हणाले, "तो मेला तर मला वाईट वाटणार नाही. त्याला आयुष्यात परत बघायची माझी इच्छा नाही. पण ही बाई खोटं बोलत नाही, एवढं मी म्हणतो." आणि ते निघून गेले, मत ऐकायला थांबले नाहीत.

वकिलानं सुईच्या बाजूनं हात वर केला. रिटायर पोलिसानं ताब्याच्या बाजूनं. अध्यक्षबाईंनी बराच वेळ पेन फिरवलं आणि मग ताब्याच्या बाजूनं वर केलं. अटी अशा, तबेल्याबाहेर कधी नाही, मुस्क्याशिवाय कधी नाही, आणि पुन्हा चावा झाला तर चोवीस तासांत कळवायचं. चारुतानं सही केली. अध्यक्षबाईंनी कागद आपल्याकडे फिरवून सही वाचली, परवान्याशी ताडून पाहिली, आणि शिक्का मारला.

वॉल्श स्वतः मूसला गाडीपर्यंत घेऊन आले. मुस्कं बांधलेलं, दोन्ही बाजूंनी दोन दांड्या. वॉल्शनी त्याच्या डोक्यावरच्या घावांना हात लावला, ते त्यांच्याच फावड्याचे होते, आणि तोंड फिरवून रस्त्यावर उभे राहिले. मूसनं सगळा रस्ता गाडीचा मागचा भाग आतून बडवून काढला. श्रीरंग गाडी चालवत होता, त्याच्या हातांच्या मुठी पांढऱ्या झालेल्या, आणि चारुता मागं वळून न बघता शेंगा सोलत होती.

तो आता आमच्याकडेच असतो. कान बरा झाला. स्वभाव बरा झाला असं मी म्हणणार नाही. चारुताच्या मागं मागं फिरतो, ती बसली की तिच्या पायावर पाय ठेवून झोपतो. मी दारात दिसलो की उभा राहतो. मानेवरचे केस वर येतात, ओठ मागं सरतो, दात दिसतात, मुस्क्याच्या आत.

"आप्पा," चारुता म्हणते, "तिथंच थांबा."

मी थांबतो.